खो पाठीला कळतो

फरीदाबाद
१४ जुलै २०२४

अहो आई,

इथूनच वाकून नमस्कार करते.

गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "फोनवरचं बोलणं उडून जातं, पत्र लिहीत जा, पुन्हापुन्हा वाचता येतं." अनुरागला ते फार पटलं. मला त्याहून जास्त, कारण मी बातमी सांगितली तेव्हा तुम्ही नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणालात. तुम्हाला ती आवडली की नाही ते कळलंच नाही. म्हणून पहिलं पत्र त्याच बातमीचं.

मला नोकरी लागली. आमच्या सेक्टरच्या मागे 'नवांकुर' नावाची प्राथमिक शाळा आहे, पाचवीपर्यंतची. नचिकेत तिथेच दुसरीत आहे, मी तिसरीला शिकवते. मुलं बहुतेक कारखान्यांत काम करणाऱ्यांची. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी बंगालचं. मराठी म्हणाल तर आम्ही मायलेक तेवढे.

आमच्या मुख्याध्यापिका चेतना मॅडम यांना दिवस साजरे करायची भारी हौस. पिवळा दिवस, फळांचा दिवस, डॉक्टरांचा दिवस, झाडांचा दिवस. नव्या सुनेच्या हातात पहिल्याच दिवशी पुरणाचं पातेलं द्यावं तसे वर्षाचे सगळे 'विशेष दिवस' त्यांनी माझ्या हातात दिले. परवा पिवळा दिवस झाला. सगळी मुलं पिवळ्या कपड्यांत, डब्यांत आंबा, ढोकळा, खिचडी. नचिकेत केळं झाला होता आणि दिवसभर बसायलाच तयार नव्हता, केळं चुरगळेल म्हणून. पालकही आले होते. सगळं छान पार पडलं, बिल्कुल छान.

अनुराग सकाळी मेट्रोने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसला जातो तो संध्याकाळीच येतो. पण नचिकेत आणि मी एकत्र जातो-येतो, त्यामुळे घराची आबाळ होत नाही. काळजी नसावी.

तुमची
प्रमोदिनी

बार्शी
२ ऑगस्ट २०२४

प्रमोदिनी,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. पत्र पोचलं. निखिल विचारत होता, वाचून दाखवू का म्हणून. म्हटलं, मला अजून वाचता येतं.

नोकरी लागली हे चांगलं झालं. नचिकेत शाळेतून आल्यावर खातो काय? तुला उभं राहून त्रास होत नाही ना? आणि एवढे दिवस साजरे करायचे तर शिकवता कधी?

इकडे पाऊस बरा आहे. निखिल सकाळी दुकानावर जातो तो रात्री येतो. घरात मी एकटीच, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न येत नाही.

लिहीत जा. लांबलचक लिही.

आई

फरीदाबाद
२२ सप्टेंबर २०२४

अहो आई,

नचिकेत आल्यावर पोळीचा लाडू खातो. मला उभं राहून त्रास होत नाही. आणि शिकवणं रोज होतं, दिवस असला तरी. झाडांच्या दिवशी आम्ही पानं मोजत गुणाकार केले.

हिंदी दिवस झाला. पाचवीची राधा म्हणून एक मुलगी आहे, दरभंग्याकडची. तिने कविता म्हणता म्हणता असे हातवारे केले की पहिल्या रांगेतली मुलं मागे सरकली. भाषणापेक्षा तिला पळायला आवडतं. मधल्या सुट्टीत तिला धरून दाखवेल असा एक मुलगा शाळेत नाही.

आता मोठा दिवस येतोय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी 'आजी-आजोबा दिवस'. चेतना मॅडमचा हा सगळ्यांत आवडता. पण आई, इथल्या मुलांचे आजी-आजोबा गावाकडे. गेल्या वर्षी मोजके म्हातारे आले, त्यांच्या नातवंडांनी त्यांना हार घातले, फोटो झाले. बाकीच्या मुलांना वर्गात चित्रं रंगवायला बसवलं होतं. राधाची आजी तर आता नाहीच. ती मला म्हणाली, "मॅम, उस दिन मैं छुट्टी ले लूँ?"

मला तो दिवस तसा नको आहे. कसा हवा ते अजून कळलेलं नाही. पण एक गोष्ट पक्की ठरवली आहे. तुम्ही यायचं. अनुराग तिकीट काढतो. नचिकेतची आजी म्हणून तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसायचं आणि मुलांना दोन शब्द सांगायचे. याल ना?

तुमची
प्रमोदिनी

बार्शी
१० ऑक्टोबर २०२४

प्रमोदिनी,

अनेक आशीर्वाद.

मला जमणार नाही. गुडघे धरतात. शिवाय दिवाळीनंतर निखिलच्या दुकानात गर्दी असते, त्याला वेळेवर डबा लागतो. आणि मी तिथे येऊन काय सांगणार? मला भाषण येत नाही, हिंदी त्याहून येत नाही.

तू तुझा कार्यक्रम कर. नचिकेतला सांग, आजी पुढे कधीतरी येईल.

चकलीची भाजणी पाठवते आहे.

आई

फरीदाबाद
२० नोव्हेंबर २०२४

अहो आई,

भाजणी मिळाली. चकल्या छान झाल्या. पत्राला उशीर केला, कारण मनात होतं ते लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. आज लिहिते.

कार्यक्रम झाला नाही. हवा इतकी वाईट झाली की प्राथमिक शाळा बंद केल्या. खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. मुलं घरी, मी मोबाईलसमोर बसून तिसरीला भागाकार शिकवते. आजी-आजोबा दिवस फेब्रुवारीवर गेला.

आता खरं सांगते. पिवळा दिवस छान झाला नव्हता. मुलं माईकजवळ गोंधळ घालत होती, तेव्हा पालकांसमोर मी म्हणाले, "बच्चो, कोई चेष्टा मत करना." आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! पोरांनो, कुणी प्रयत्न करू नका, असं शिक्षिकाच सांगते आहे म्हटल्यावर पालक हसले, मग मुलं हसली, मग मागच्या रांगेतल्या बाई हसल्या. चेतना मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून कुठल्याही दिवशी माईक माझ्याकडे आलेला नाही. सगळी तयारी मी करते, बोलतं दुसरं कुणीतरी. माझी नेमणूक मार्चपर्यंतच आहे. पुढे ठेवायचं की नाही, हे या आजी-आजोबा दिवसावरच ठरेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

तुम्हाला हे लिहिलं नाही, कारण मला वाटलं, तुम्ही म्हणाल, तरी मी म्हणत होते. तुम्हाला माझी नोकरी आवडलेली नाही, हे मला कळतं आई. फोनवर मी शाळेचं काही सांगायला लागले की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय संपवता. मी या म्हटलं तर गुडघे पुढे करता. आणि परवाच निखिल भाऊजी सांगत होते, तुम्ही रोज भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येता.

रागावून लिहीत नाहीये. फक्त लपवायचा कंटाळा आला.

प्रमोदिनी

बार्शी
२८ नोव्हेंबर २०२४

प्रमोदिनी बाळ,

तुझं पत्र दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसले आहे. भात चुलीवर तसाच आहे.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझे कान गेले आहेत.

दोन-तीन वर्षं झाली. आधी डावा, मग उजवाही. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं. फोनवर काहीही कळत नाही. तू फोनवर काय सांगतेस ते मला एकदाही ऐकू आलेलं नाही. तुझ्या सुरावरून आनंदाचं आहे की काळजीचं, एवढं ओळखते आणि "बरं बरं" म्हणते. म्हणून तर पत्र लिही म्हटलं. तुझी नोकरीची बातमी मला खरी कळली ती पत्रातून, आणि त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. ते लिहायचं सोडून पोराच्या खाण्याचं विचारत बसले. आमच्या पिढीला काळजीच तेवढी लिहिता येते.

निखिलला अजून धड माहीत नाही. त्याला वाटतं, आई हल्ली लक्ष देत नाही. गेल्या वर्षी वरच्या आळीत बारशाला गेले होते. कुणी काही विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं. सगळ्या हसल्या. मग जाणं सोडलं. तुझ्या शाळेत इतक्या लोकांसमोर पहिल्या खुर्चीवर बसून तसंच झालं असतं तर तुझी मान खाली गेली असती. म्हणून गुडघे.

तुला हसले, मला हसले. म्हणजे आपण दोघी सारख्याच की गं.

आता तुझ्या दिवसाचं. हार आणि फोटो ठेव बाजूला. आजी-आजोबा गावाला असले म्हणून काय झालं? प्रत्येक पोराला सांग, गावी फोन करून विचार, तुम्ही लहानपणी काय खेळत होता? तो खेळ शिकून ये. ज्याचं कुणी नसेल त्याने दुसऱ्याच्या आजीचा घ्यावा. आजी कुणाचीही चालते.

आणि नचिकेतचा खेळ माझ्याकडून लिहून घे. खो-खो.

हे मी मुलांनाही कधी सांगितलेलं नाही. लग्नाआधी मी इस्लामपूरला खेळायचे. शाळेच्या संघात, मग जिल्ह्याच्या. सतराव्या वर्षी राज्याच्या संघात निवड झाली. शिबिराला जायची ट्रंक भरलेली होती, तेवढ्यात बार्शीचं स्थळ आलं. त्या ट्रंकेत नंतर रुखवत भरलं. तुझ्या सासऱ्यांना एकदा सांगितलं होतं. ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. पुन्हा नाही सांगितलं.

मला धरायला चांगल्या चांगल्या मुलींचा घाम निघायचा. पाठीमागे मुलगी असली की मी इकडे जाते असं दाखवून तिकडे जायचे. हुलकावणी म्हणतात त्याला.

लिहून घे. आठ मुली पाटीत ओळीने उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. ओळीच्या दोन्ही टोकांना खांब. नववी धावते, पळणारीला धरायला. तिने एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचं नाही. पळणारीला मात्र कुठूनही जायची मुभा. मग धावणारीने काय करायचं? बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात टेकवायचा, "खो" म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. मग ती उठते आणि धावते. एकटीने कुणी जिंकत नाही या खेळात.

त्या राधाला आधी पळायला लाव.

आई

फरीदाबाद
१९ जानेवारी २०२५

आई,

तुमचं पत्र मी अनुरागला वाचून दाखवलं. त्याने ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाला, "माझी आई राज्याच्या संघात होती?" दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. कानांसाठी त्याने निखिल भाऊजींनाही फोन केला आहे, रागावू नका.

चेतना मॅडमना तुमची कल्पना सांगितली. आधी म्हणाल्या, "प्रमोदिनी, ये दादा-दादी दिवस है, स्पोर्ट्स डे नहीं." मी म्हटलं, मॅडम, निदान या वेळी कुणी मूल वर्गात चित्रं रंगवत बसणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "चलो, करके देखो."

मुलं नुसती पेटलीत. रोज कुणीतरी गावाकडून नवा खेळ आणतं. लगोरीला इथे पिट्ठू म्हणतात. बंगालच्या धवलच्या आजोबांनी फोनवरून गोट्यांचे नियम इतके कडक सांगितले की तो शाळेत पंचच झाला आहे. आणि शाळेशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, पालकांनी दगड वेचून दिल्यावर, आम्ही दोन बांबू रोवले.

पण आई, खो-खो काही जमत नाही. धावणारी ओरडते, बसलेल्या ओरडतात, बघणारे त्याहून ओरडतात, शेजारून ट्रक जातात. कुणाला खो मिळाला हेच कुणाला कळत नाही. एकदम तिघी उठतात, नाहीतर एकही उठत नाही. नचिकेत विचारतो, "आजी पाटी पाटी म्हणते ते म्हणजे स्लेट का?"

राधा वाऱ्यासारखी पळते. पण तिची आई येऊन सांगून गेली, अकरा वर्षांची झाली, आता मोकळ्या प्लॉटवर चार लोकांत पळणं शोभत नाही. तेव्हापासून राधा बांबूला टेकून उभी राहते आणि दुसऱ्यांना ओरडून सांगते, इकडून पळ, तिकडून पळ. मला बघवत नाही.

कसं करू?

प्रमोदिनी

बार्शी
२७ जानेवारी २०२५

प्रमोदिनी,

ओरडण्यावर जाऊ नका. बसलेल्या मुलीने कानावर विसंबायचंच नाही. खो पाठीला कळतो. आमचे सर आम्हाला कानात कापूस घालून, डोळे मिटून पाटीत बसवायचे. पाटी म्हणजे ती बसलेल्यांची ओळ, सांग नचिकेतला. महिनाभर तसं बसलं की पाठीला डोळे फुटतात. हात नुसता लागला की खोटा हात कोणता आणि खरा खो कोणता हे आपोआप समजतं. माझ्या कानातला कापूस आता कायमचा आहे, एवढाच फरक.

पण हे पत्राने शिकवता येत नाही. पाठीवर हात ठेवूनच शिकवावं लागतं.

निखिलला तिकीट काढायला सांगितलं आहे. पुढच्या शुक्रवारी निघते. मला घ्यायला स्टेशनवर या. हाका मारू नका, समोर येऊन उभे राहा.

आई

फरीदाबाद
२ मार्च २०२५

प्रिय आई,

तुम्ही सुखरूप पोचलात, हे निखिल भाऊजींनी कळवलं. घर रिकामं वाटतं. नचिकेत शाळेतून आला की अजून तुमच्या खोलीत डोकावतो.

तुम्ही इथे होतात तेव्हा पत्राची गरज नव्हती. आपण समोरासमोर बसून बोललो, तुम्ही माझे ओठ वाचलेत. पण त्या शनिवारी तुम्ही मैदानात होतात आणि मी रेषेबाहेर. त्या दिवशी काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला कळलेलं नाही. ते सगळं मी लिहून काढते आहे. एक शब्द गाळणार नाही.

सकाळी तुम्ही साडीचा काचा मारून प्लॉटवर आलात, तेव्हा आमच्या पहिलीच्या बाई म्हणाल्या, "ये दादी सच में खेलेंगी क्या?" चेतना मॅडम म्हणाल्या, "मुझे तो बस ये चिंता है कि गिर न जाएँ."

गोट्या झाल्या, पिट्ठू झालं. धवल पंच म्हणून एका आजोबांना दोनदा ओरडला, आणि आजोबा म्हणाले, "बिल्कुल सही कहता है लड़का." मग खो-खो. पाचवीच्या मुली पाटीत बसल्या. त्या दहा दिवसांत तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून ठेवून काय केलंत कोण जाणे, एकही मुलगी चुकीची उठली नाही. त्यांच्याविरुद्ध पळायला आया आणि आज्या हव्या होत्या, आणि एकही पुढे येईना. तुम्ही सरळ बायकांत शिरलात आणि राधाच्या आईचा हात धरलात. ती काय म्हणत होती सांगू? "अम्मा, हमसे नहीं होगा. अम्मा, लोग देख रहे हैं. अम्मा, छोड़िए ना." तुम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. तुम्ही हसत हसत तिला ओढत मैदानात घेऊन गेलात. बायका हसायला लागल्या. आणि मग ती स्वतःच हसली, पदर खोचला, आणि मागून आणखी चार जणी आल्या. आई, ऐकू न येण्याचा एवढा चांगला उपयोग मी कधी पाहिला नव्हता!

आईच पळते म्हटल्यावर लेकीला कोण अडवणार? राधा पाटीत जाऊन बसली.

मग तुम्ही पळालात.

पहिली मुलगी तुमच्या मागे आली, तुम्ही डावीकडे झुकलात आणि उजवीकडून निघून गेलात. ती मुलगी मातीत बसली. त्यानंतर ट्रकचा आवाजसुद्धा मला आठवत नाही. तुम्ही बसलेल्या मुलींच्या मधून असे नागमोडी गेलात की अनुराग शेजारी उभा राहून नुसता "अरे, अरे, अरे" म्हणत होता. मग कुणीतरी ओरडलं, "भागो दादी!" आणि बांध फुटला. बंगालची पोरं "ठाकुमा, ठाकुमा" ओरडत होती. ओडिशाकडे आजीला 'आई' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. ती पोरं "आई, आई" ओरडायला लागली तेव्हा मला वाटलं, माझ्याच तोंडचं ओरडतायत. आणि नचिकेत, जो शाळेत कुणी हसू नये म्हणून तुम्हाला दादी म्हणत होता, तो प्लॉटच्या भिंतीवर चढून ओरडत होता, "वो दादी नहीं है! वो आजी है! मेरी आजी है!"

शेवटी राधाला खो मिळाला. तिने तुम्हाला खांबापाशी गाठलं. तुम्ही हुलकावणी दिलीत, ती फसली नाही. तुमच्याकडूनच शिकली होती ना. तिचा हात तुमच्या खांद्याला लागला, तुम्ही थांबलात आणि तिला उचलून घेतलंत. तेव्हा ती तुमच्या कानाशी काहीतरी बोलली. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली होती, "दादी, लगी तो नहीं?" आणि मग, "दादी, आप मेरी भी दादी हो ना?" तुम्ही मान हलवलीत, कारण तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला वाटलं, काहीतरी चांगलं विचारते आहे. मी राधाला सांगितलं, आजींनी हो म्हटलंय. आता ते मोडता येणार नाही.

तिची आई धापा टाकत रेषेबाहेर उभी होती. आजूबाजूच्या प्रत्येक बाईला सांगत होती, "देखा? अम्मा को किसने आउट किया? मेरी बेटी ने."

मग चेतना मॅडम माझ्याकडे आल्या आणि माईक माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "आज तुम ही बोलो." माईक मिळालाच तर म्हणून दोन दिवस पाठ केलेलं हिंदी भाषण मी विसरले. मी म्हणाले, "ये मेरी सास हैं. पचास साल पहले इनका चुनाव महाराष्ट्र की टीम में हुआ था. ये जा नहीं पाईं. आज खेली हैं." पुढचं मराठीतच आलं. मी म्हणाले, "आई, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो." कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या की तुम्ही मागे वळून बघितलंत, कुणासाठी वाजवतायत म्हणून. तुमच्यासाठी होत्या, आई.

माझी नेमणूक पुढच्या वर्षासाठी पक्की झाली. मॅडमनी दर शनिवारी खो-खोचा तास ठेवला आहे. आणि मार्चअखेरीस पानिपतला शाळांच्या स्पर्धा आहेत, त्यात आमचा संघ जाणार. कर्णधार राधा.

तुमची
प्रमोदिनी

बार्शी
१४ मार्च २०२५

प्रमोदिनी,

तुम्हा सगळ्यांना आणि माझ्या नव्या नातीला आशीर्वाद.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. निखिलने वाचलं, त्याच्या दुकानातल्या पोरांनी वाचलं. वरच्या आळीतल्या बायका आल्या होत्या, त्यांना मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज चढतो म्हणतात, चढू दे.

टाळ्या माझ्यासाठी होत्या हे मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी पाहुणा आला असेल. पण माईक हातात घेऊन तू बोलत होतीस, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. ओठ वाचले नाहीत. तुझी मान केवढी ताठ होती, तेवढंच बघत राहिले.

पानिपताला जाताय तर पोरींना सांग, आपल्या भाषेत त्या गावाच्या नावाचा जो अर्थ होऊन बसलाय तो बदलून या. हरल्या तरी चालेल, पण शेवटच्या खोपर्यंत पळा म्हणावं.

निखिलने कानाचं यंत्र आणून दिलं. घालते. डोकं दुखतं थोडं. भांड्यांचा एवढा आवाज होतो हे मी विसरून गेले होते. कावळा तर खिडकीत आला की अंगावर ओरडल्यासारखा वाटतो.

काल संध्याकाळी यंत्र घालून देवळातून परत येत होते. नगरपालिकेच्या शाळेमागून जाताना आवाज आला, "खो!" मी थांबले. त्या वाटेने मी रोज जाते, दोन-तीन वर्षं जाते, आणि तिथे मुली खेळतात हे मला माहीतच नव्हतं. फाटक उघडं होतं. आत गेले. एक तरुण शिक्षक शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी नम्रपणे विचारलं, "आजी, कुणाला शोधताय? नात आहे का इथे?"

मी म्हटलं, "नाही. मी खेळाडू आहे. खो-खोची."

बाई गं, हे वाक्य मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बोलले. मुली पळायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर खोचला आणि त्यांना म्हटलं, "बघताय काय अशा? बसा पाटीत."

तुझी
आई